हेवी जमिनीचा शनिवार-रविवार आणि 'रेसिंग पोस्ट'चे रेसकार्ड

नोव्हेंबर ते मार्च या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अडथळ्यांच्या घोडाशर्यतींचा हंगाम ऐन भरात असतो आणि त्याच काळात पाऊसही मुक्कामाला असतो. आठवडाभर पाणी पडून शुक्रवारी संध्याकाळी रेसकोर्सने जमिनीचे वर्णन 'हेवी' (म्हणजे सर्वांत मऊ, चिखलाची) असे जाहीर केले, की पैज लावणाऱ्याने शरद ऋतूत जमवलेली बरीचशी माहिती त्या शनिवार-रविवारपुरती बाजूला ठेवावी लागते. ज्या घोड्याने कोरड्या जमिनीवर वेगाच्या जोरावर दोन शर्यती मारल्या, तो दोन मैलांतच दमतो. आणि ज्याच्या नावापुढे ऑक्टोबरात सातवा, नववा असे क्रमांक लागले होते, तो शेवटचे तीन अडथळे एकटाच ओलांडताना दिसतो. अशा आठवड्याच्या शेवटी 'रेसिंग पोस्ट' या घोडाशर्यतींच्या दैनिकाचे रेसकार्ड, म्हणजे प्रत्येक शर्यतीतल्या घोड्यांची माहिती देणारा तक्ता, किती कामाला येते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित आहे. १९८६ साली सुरू झालेले हे दैनिक आज छापील अंक, संकेतस्थळ आणि ॲप अशा तिन्ही रूपांत मिळते. त्यातल्या बातम्या, मुलाखती आणि सपाट शर्यतींची पाने यांचा विचार येथे केलेला नाही.

माझे मत आधीच सांगतो. हेवी जमिनीवर कोणते घोडे वगळावेत हे ठरवण्यासाठी याच्याइतके उपयोगी साधन मला दुसरे आढळलेले नाही. मात्र कोणता घोडा निवडावा याचे उत्तर ते आपणहून देत नाही. कार्डावर जी माहिती ठळक छापलेली असते ती हेवी जमिनीवर दुय्यम असते, आणि जी बारीक अक्षरांत असते तिच्यावर निर्णय ठरतो. म्हणून हे कार्ड छापलेल्या क्रमाने न वाचता उलट्या क्रमाने वाचावे लागते.

त्यासाठी आधी जमिनीबद्दल बोलणे आवश्यक आहे. ब्रिटनमधली अधिकृत वर्णने 'हार्ड'पासून सुरू होऊन 'फर्म', 'गुड टू फर्म', 'गुड', 'गुड टू सॉफ्ट', 'सॉफ्ट' अशी उतरत 'हेवी'ला थांबतात. आयर्लंडमध्ये 'गुड' आणि 'सॉफ्ट' यांच्यामध्ये 'यील्डिंग' असते आणि 'सॉफ्ट टू हेवी' हेही वर्णन सर्रास वापरले जाते. हे वर्णन देण्याची जबाबदारी रेसकोर्सच्या क्लार्कची, म्हणजे ट्रॅक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची असते. तो स्वतः ट्रॅकवर फिरतो आणि 'गोइंगस्टिक' नावाच्या उपकरणाने ठिकठिकाणी मोजमाप घेतो. हे उपकरण जमिनीत टोक शिरायला किती जोर लागतो आणि ते शिरल्यावर तिरके ओढायला किती जोर लागतो, हे दोन्ही पाहून एक आकडा देते. आकडा जितका लहान तितकी जमीन मऊ. तरीही 'हेवी' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या अवस्थांना लावला जातो, आणि हेवी शनिवारच्या बहुतेक चुकीच्या निवडी येथूनच सुरू होतात असे मला वाटते. पाऊस चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असताना माती पातळ असते. खूर खोल जातो पण सहज सुटून येतो. पाऊस थांबून दीड-दोन दिवस वारा लागला, की तीच माती चिकट होते आणि प्रत्येक पावलाला खूर धरून ठेवते. काळ्या मातीच्या रानात वाफसा येण्याआधी पाय टाकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. इंग्रज जाणकार या दुसऱ्या अवस्थेला 'होल्डिंग' म्हणतात आणि घोड्याला खरा थकवा तीच आणते. पातळ चिखलातून हलक्या पायाने पळणारा घोडा चिकट मातीत निष्प्रभ ठरू शकतो, जरी दोन्ही दिवशी कार्डावर अक्षरे तीच छापलेली असली तरी.

'रेसिंग पोस्ट'ची पहिली मोठी जमेची बाजू येथे दिसते. त्याच्या निकालांच्या नोंदीत प्रत्येक शर्यतीची वेळ आणि ती त्या ट्रॅकच्या प्रमाणित वेळेपेक्षा किती सेकंदांनी मंद होती, हे दिलेले असते. एखाद्या घोड्याने मागच्या जानेवारीत 'हेवी'वर विजय मिळवला असे दिसले, की मी प्रथम त्या निकालाकडे जातो आणि वेळ पाहतो. त्याच दिवशीच्या बाकीच्या शर्यतीही प्रमाणित वेळेच्या खूप मागे असतील, तर ती जमीन खरोखर खोल होती असे मानता येते. उलट त्या दिवशीच्या वेळा फारशा मंद नसतील, तर क्लार्कने सकाळी दिलेले वर्णन दुपारपर्यंत जुने झालेले असावे आणि त्या विजयाला आजच्या चिखलाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये. हे काम कार्ड स्वतः करून देत नाही. पण त्यासाठी लागणारा कच्चा माल इतका नीट मांडून ठेवते, की सवय झाल्यावर एका घोड्याला दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

आता कार्डातल्या त्या अक्षराविषयी, ज्याला मी हेवी जमिनीवर सर्वाधिक मान देतो. घोड्याच्या नावाजवळ 'सी' हे अक्षर असेल तर तो याच रेसकोर्सवर पूर्वी जिंकला आहे, 'डी' असेल तर याच अंतरावर जिंकला आहे, आणि 'सीडी' असेल तर याच रेसकोर्सवर याच अंतरावर. बहुतेक लोक हेवी दिवशी फक्त 'हेवीवर जिंकलेला' घोडा शोधतात. ब्रिस्टल द मे या करड्या घोड्याचा इतिहास पाहिला तर ही पद्धत अपुरी का आहे ते कळते. इंग्लंडमधल्या हेडॉक येथील बेटफेअर चेस ही नोव्हेंबरातली तीन मैलांहून थोडी लांब असलेली मोठी शर्यत ('चेस' म्हणजे फेन्स नावाचे उंच अडथळे ओलांडायची शर्यत). २०१७ साली ती हेवी जमिनीवर झाली आणि ब्रिस्टल द मेने क्यू कार्डसारख्या नामांकित घोड्याला ५७ लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) मागे टाकले. त्या एका दुपारनंतर 'हा चिखलाचा घोडा' असा शिक्का त्याच्यावर बसला. परंतु पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, जमीन तुलनेने पुष्कळ कोरडी असताना तो तीच शर्यत पुन्हा जिंकला, आणि त्या वेळी त्याच्या मागे त्याच वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कप या मानाच्या चेस शर्यतीचा विजेता नेटिव्ह रिव्हर होता. २०२० मध्ये त्याने तिसऱ्यांदा बाजी मारली. २०१७ च्या त्या मोठ्या विजयाआधीही, त्याच वर्षी जानेवारीत, त्याने हेडॉकलाच पीटर मार्श चेस मोठ्या अंतराने जिंकली होती. म्हणजे कार्डावरचे 'सी' हे अक्षर आधीपासून बोलत होते. डाव्या हाताने वळणारा, जवळजवळ सपाट असा हा ट्रॅक त्याला मानवत होता. चिखलाने त्याचा फायदा वाढवला, पण तो निर्माण केला नाही. रॉयाल पगाय या घोड्याचेही तसेच: पीटर मार्श चेस दोनदा आणि बेटफेअर चेस २०२३ व २०२४ अशी सलग दोनदा, सगळे विजय हेडॉकचे.

चेपस्टोबद्दल तर या बाबतीत कितीही लिहिता येईल. वेल्समधला हा रेसकोर्स चढउतारांचा आहे, सरळ भागात एकामागून एक पाच फेन्सेस येतात, आणि डिसेंबरच्या शेवटी होणारी वेल्श ग्रँड नॅशनल ही साडेतीन मैलांहून लांब शर्यत अनेकदा अशा चिखलात होते की काही वर्षी ती पुढे ढकलून जानेवारीत घ्यावी लागली. माउंटेनस हा घोडा २०१३ ची आणि २०१५ ची शर्यत जिंकला. दुसरी प्रत्यक्षात जानेवारी २०१६ मध्ये धावली गेली. राझ द मारे २०१६ मध्ये नेटिव्ह रिव्हरच्या मागे दुसरा आला होता. २०१७ ची शर्यत पाण्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये गेली, तेव्हा वयाच्या १३ व्या वर्षी तो हेवी जमिनीवर ती जिंकला, आणि त्याच्या पाठीवर होता केवळ १६ वर्षांचा जेम्स बोवेन. नासालामचे उदाहरण अजून ताजे आहे. २०२३ च्या डिसेंबरात त्याने चेपस्टोलाच या शर्यतीची 'ट्रायल', म्हणजे तयारीची आधीची शर्यत, खोल जमिनीवर आरामात जिंकली आणि त्याच महिन्यात मुख्य शर्यत ३४ लेंग्थने घेतली. या तिन्ही घोड्यांबाबत कार्डाने पैज लावणाऱ्याला जे सांगायचे ते आधीच सांगितले होते: याच मातीवर, याच चढावर, लांब अंतरावर हा घोडा शेवटपर्यंत पळाला आहे. तेरा वर्षांचे वय पाहून राझ द मारेला बाजूला काढणाऱ्यांनी कार्डातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा उचलला असे म्हणावे लागेल, कारण खोल जमिनीवर वयाने जाणारा वेग मुळातच लागत नाही आणि दमसास उशिरापर्यंत टिकतो.

फॉर्मच्या, म्हणजे घोड्याच्या मागच्या कामगिरीच्या, आकड्यांविषयी नवख्या वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. नावाच्या डावीकडे जी आकड्यांची आणि अक्षरांची ओळ असते तिच्यात 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे जॉकी खाली आला आणि 'पी' म्हणजे जॉकीने घोडा थांबवून शर्यतीतून बाहेर काढला. सर्वसाधारण दिवशी दोन 'पी' लागोपाठ दिसले तर घोडा सोडून द्यावा. हेवी दिवसांच्या निकालात मात्र अर्ध्याअधिक घोड्यांपुढे 'पी' दिसू शकतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो, की समजूतदार जॉकीने जिंकण्याची आशा संपल्यावर दमलेल्या जनावराला आणखी दोन अडथळ्यांवर लोटले नाही. याबद्दल जॉकीचा आदरच वाटायला हवा. २००१ ची ग्रँड नॅशनल ही लांब अंतराची प्रसिद्ध चेस शर्यत हेवी जमिनीवर झाली तेव्हा ४० घोड्यांपैकी फक्त ४ अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. रेड मरॉडर जिंकला, स्मार्टी दुसरा आला, आणि उरलेले दोघे मध्येच खाली आलेल्या जॉकींनी पुन्हा वर चढून पूर्ण केले, जे आता नियमाने बंद आहे. त्या दिवशीच्या इतर ३६ घोड्यांच्या फॉर्ममध्ये जी अक्षरे पडली त्यांवरून त्यांच्या कुवतीविषयी फारसे काही ठरवता आले नसते. म्हणून 'पी' दिसला की तो कोणत्या जमिनीवर, किती अंतरावर आणि कोणत्या अडथळ्यापाशी पडला हे सविस्तर फॉर्ममध्ये उघडून पाहावे. 'रेसिंग पोस्ट'चे धावत्या शर्यतीचे वर्णन येथे फार कामी येते. 'दुसऱ्या फेरीपासून मागे, कधीच गती सापडली नाही' आणि 'शेवटून तिसऱ्या अडथळ्यापर्यंत आघाडीत, मग दमला' या दोन वर्णनांत एकच 'पी' लपलेला असतो, पण दुसऱ्या घोड्याचा पुढच्या वेळी अर्ध्या मैलाने कमी अंतरावर विचार करता येतो.

ठळक अक्षरांतल्या आकड्यांबद्दल माझे मत तितके अनुकूल नाही. कार्डाच्या कडेला 'रेसिंग पोस्ट रेटिंग' (कुवतीचा) आणि 'टॉपस्पीड' (वेगाचा) हे दोन आकडे असतात आणि सर्वांत वरचा आकडा असलेला घोडा नकळत डोळ्यांत भरतो. हे आकडे परिश्रमपूर्वक काढलेले असतात यात शंका नाही. परंतु घोड्याचा सर्वोत्तम आकडा सप्टेंबरच्या कडक जमिनीवर मिळालेला असेल, तर जानेवारीच्या चिखलात तो त्याच्या पूर्वायुष्याची आठवण एवढाच उरतो. वेगाचा आकडा तर अशा दिवशी मी वाचतच नाही. अधिकृत हँडिकॅप रेटिंग मात्र पाहतो, कारण हँडिकॅप शर्यतींत घोड्यांमध्ये बरोबरी साधण्यासाठी दिले जाणारे वजन त्याच्यावर ठरते आणि एखादा चिखलाचा घोडा कोरड्या जमिनीवर तीन-चार वेळा हरून रेटिंग खाली आलेला असताना पावसात उतरला, तर हँडिकॅपचा सर्वांत सच्चा फायदा तेथेच असतो. अशा घोड्याच्या अलीकडच्या ओळीत पाच, आठ, सात असे कंटाळवाणे आकडे असतात, आणि म्हणूनच त्याचा भाव (जिंकल्यास मिळणाऱ्या पैशांचा दर) चांगला मिळतो.

वजनाबद्दल एक समज सगळीकडे ऐकू येतो, की चिखलात हलक्या वजनाचा घोडाच घ्यावा. मला हे पूर्णपणे मान्य नाही. नेटिव्ह रिव्हरने २०१६ ची वेल्श ग्रँड नॅशनल सर्वाधिक, म्हणजे ११ स्टोन १२ पौंड वजन (एक स्टोन म्हणजे १४ पौंड) घेऊन जिंकली. दमसास आणि दर्जा असलेला घोडा काही पौंड जास्त वाहून नेतो. दमसास नसलेल्याला १० स्टोनही जड होतात. होतकरू जॉकींना मिळणारी ३, ५ किंवा ७ पौंडांची सूट अर्थातच उपयोगी आहे, विशेषतः जॉकी त्या ट्रॅकवर आधी जिंकलेला असेल तर.

तबेल्याची माहिती देणाऱ्या ओळी बारीक छपाईत असतात, पण त्यांच्यावर थोडा वेळ खर्च करावा. हेरफर्डशायरमधल्या व्हेनेशिया विल्यम्स यांच्या तबेल्याचे घोडे खोल जमिनीवर चमकतात हे ब्रिटनमधल्या प्रत्येक जाणकाराला ठाऊक आहे. रॉयाल पगाय त्यांचाच. पण जे सर्वांना ठाऊक असते ते भावातही आधीच मिळालेले असते. पाऊस सुरू होताच या तबेल्याच्या घोड्यांचे भाव उतरतात, त्यामुळे केवळ तबेल्याचे नाव पाहून पैज लावणे म्हणजे पावसाची किंमत दुप्पट मोजणे होय. अशा वेळी कार्डातली 'आरटीएफ' ही टक्केवारी उपयोगी पडते; तबेल्याच्या अलीकडच्या घोड्यांपैकी किती आपल्या कुवतीप्रमाणे पळाले, हे ती सांगते. तबेल्यात घोडे मलूल असतील तर चिखल त्यांचे काहीही भले करत नाही. शिवाय नावाजवळ मागच्या धावेला किती दिवस झाले हा लहानसा आकडा असतो. हेवी जमिनीवर अटीतटीची शर्यत लढून दोन आठवड्यांत परत आलेला घोडा मी सहसा टाळतो. नासालामसारखा आरामात जिंकून परतलेला असेल तर गोष्ट वेगळी. शर्यतीचे वर्णन वाचल्याशिवाय हा भेद कळत नाही.

'स्पॉटलाइट' या सदरात प्रत्येक घोड्याबद्दल दोन-तीन वाक्ये असतात. संपूर्ण कार्डातले हे सर्वांत वाचनीय सदर आहे, कारण लिहिणाऱ्याने फॉर्म खरोखर वाचलेला असतो आणि जमिनीची पसंती बहुतेक वेळा नोंदवलेली असते. मात्र ते आदल्या दिवशीच्या जमिनीचा अंदाज धरून लिहिलेले असते, हे छापील अंक वाचताना विसरू नये. रात्रीत १५ मिलिमीटर पाऊस पडला तर ती वाक्ये दुसऱ्याच शर्यतीविषयी होऊन जातात. 'प्राइसवाइज' या नावाजलेल्या टिप्सच्या सदराचा दर्जा उत्तम आहे, पण त्यातला घोडा प्रसिद्ध होताच त्याचा भाव झपाट्याने उतरतो. १४/१ वर (एक पौंड लावून जिंकल्यास १४ पौंड नफा) सुचवलेला घोडा ८/१ वर घेणाऱ्याने त्या लेखकाची टिप घेतली असे म्हणता येत नाही, त्याने फक्त नाव घेतले. येथे सदराचा दोष नाही. भाव हा टिपेचाच भाग आहे, एवढेच ध्यानात ठेवावे.

कार्डाच्या बाहेरचे, पण हेवी शनिवारी सर्वांत जास्त पैसे वाचवणारे गणित आता सांगायला हवे. बहुतेक जंप शर्यतींचे घोडे आदल्या दिवशी सकाळी निश्चित होतात आणि पाऊस वाढला की शर्यतीच्या दिवशी सकाळी अनेक ट्रेनर आपले घोडे मागे घेतात. ८ घोड्यांच्या शर्यतीत 'ईच-वे' पैज (अर्धी रक्कम विजयावर, अर्धी पहिल्या काही जागांत येण्यावर) लावली असेल, तर पहिल्या तिघांपर्यंत जागेचे पैसे भावाच्या एक पंचमांशाने मिळतात. एक घोडा गळून ७ उरले की फक्त पहिले दोन, एक चतुर्थांशाने. म्हणजे आपण तिसऱ्या जागेच्या भरवशावर घेतलेला घोडा तिसरा आला तरी हातात काही येत नाही. १६ किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये चार जागा एक चतुर्थांशाने मिळतात, ती संख्या १५ वर आली की तीनच. म्हणून ८ किंवा १६ या संख्यांच्या नेमक्या काठावर असलेल्या शर्यतीत शुक्रवारी रात्री ईच-वे पैज लावू नये. दुसरी बाब 'रूल फोर' या नियमाची. फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) मागे घेतला गेला तर आधी भाव घेतलेल्यांच्या नफ्यातून कपात होते. २/१ भावाचा घोडा गळला तर पौंडामागे ३० पेन्स. ५/१ वर १० पौंड लावणाऱ्याचा ५० पौंडांचा नफा ३५ पौंडांवर येतो. हेवी दिवशी हे अपवादाने नव्हे तर नेहमी घडते, त्यामुळे लवकर भाव घेण्याचा फायदा तितकासा उरत नाही. मी स्वतः शनिवारी गैरहजर घोड्यांची यादी निश्चित झाल्याशिवाय काही लावत नाही, आणि शक्य असेल तर पहिल्या शर्यतीची वेळ पाहिल्यावरच पुढचा विचार करतो. पहिल्या शर्यतीनंतर जॉकींशी बोलून जमिनीचे अधिकृत वर्णनही बदलले जाऊ शकते. 'रेसिंग पोस्ट'च्या ॲपवर गैरहजर घोडे आणि बदललेली जमीन दिसते; छापील अंकाला ते अर्थातच शक्य नाही, आणि म्हणून हेवी आठवड्यासाठी मी ॲपला स्पष्टपणे पसंती देतो.

आणखी दोन गोष्टी ॲपवर सकाळी तपासाव्यात. एक म्हणजे रेलिंग सरकवल्याने वाढलेले अंतर: खराब झालेला भाग टाळण्यासाठी रेसकोर्स रेलिंग बाहेर घेतो आणि तीन मैलांच्या शर्यतीत शंभर-दीडशे यार्ड वाढतात, जे चिखलात जाणवण्याइतके असतात. दुसरी म्हणजे वगळले जाणारे अडथळे. उडी घेण्याची किंवा उतरण्याची जागा पाण्याने भरली असेल तर ती फेन्स न ओलांडता घोडे बाजूने नेतात. फेन्स कमी झाल्या की उत्तम उडी मारणाऱ्या घोड्याचा फायदा कमी होतो आणि नुसता दमदार, पण उडीला ओबडधोबड असलेला घोडा स्पर्धेत परत येतो.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांचा डोळा तयार झाला आहे अशा वाचकांसाठी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. तेथे शर्यती सपाट असतात, अंतर बहुधा हजार ते दोन हजार मीटरच्या आसपास असते आणि पुण्याचा पावसाळी हंगाम असला तरी अंतिम दोनशे मीटरची झेप हीच पाहण्याची गोष्ट असते. ती नजर घेऊन चेपस्टोच्या चिखलात मागून येणारा, 'फिनिश' असलेला घोडा निवडला तर पदरी निराशा येते. खोल जमिनीवर मागून झेप घेणे जवळजवळ अशक्य असते. आघाडीच्या चार-पाच घोड्यांत राहून एकच मध्यम गती मैलोन् मैल टिकवणारा घोडा जिंकतो. २०१८ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये मऊ जमिनीवर नेटिव्ह रिव्हर आणि माइट बाइट आरंभापासून पुढे जोडीने पळाले आणि शेवटच्या चढावर जास्त दमसास असलेला नेटिव्ह रिव्हर सुटला. त्या शर्यतीचे चित्रण पाहणे हे नवख्यासाठी कोणत्याही लेखापेक्षा चांगले शिक्षण आहे. धावण्याची ही ढब कार्डावर थेट छापलेली नसते, पण मागच्या शर्यतींच्या वर्णनांतून सहज उमजते: 'आघाडीवर', 'पुढच्यांच्या लगत' असे शब्द तीन-चार वेळा सापडले की मी त्या घोड्याला यादीत ठेवतो.

प्रत्यक्ष निवडीकडे येताना मी शर्यती आधी गाळतो. नवशिक्या घोड्यांच्या हर्डल (ठेंगण्या अडथळ्यांच्या) शर्यती आणि पदार्पणाच्या सपाट 'बंपर' शर्यती हेवी दिवशी मी पूर्ण सोडतो, कारण ज्या घोड्याने चिखल पाहिलेलाच नाही त्याच्याविषयी कार्ड मौन बाळगते आणि वंशावळीवरून केलेला तर्क भावाच्या मानाने फार कच्चा असतो. लांब अंतराच्या हँडिकॅप चेस शर्यतींत मात्र माहिती भरपूर असते. तेथे मी चिकट जमिनीवर प्रमाणित वेळेच्या बरीच मागे असलेल्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलेले घोडे ठेवतो, त्यांपैकी या ट्रॅकवर किंवा अशाच चढाच्या ट्रॅकवर जिंकलेल्यांना वर घेतो, आणि उरलेल्या दोघा-तिघांत ज्याचा भाव माझ्या अंदाजापेक्षा मोठा आहे त्यालाच घेतो. तसा एकही नसेल तर पैज नाही. ५/१ चा भाव म्हणजे सहांतून एकदा जिंकण्याची शक्यता. माझ्या मते ती चारांतून एकदा असेल तरच पैसे टाकण्यात अर्थ आहे, कारण चिखलात पाय घसरणे, दुसऱ्या घोड्याने अडवणे, चुकीची उडी असे न मोजता येणारे धोके अधिक असतात. दिवसाला किती पौंड गेले तर चालतील हा आकडा शुक्रवारी ठरवावा आणि शनिवारी तो बदलू नये. शनिवारचे नुकसान रविवारी भरून काढण्यासाठी रक्कम वाढवणे तर मुळीच नको.

रविवारसाठी कार्डाकडून थोडी कमी अपेक्षा ठेवावी. शनिवारी पाऊस पडून गेल्यावर रविवारी सकाळी अनेक ठिकाणी ट्रॅकची तपासणी होते आणि शर्यती रद्दही होतात. तसे झाल्यास पैजेची रक्कम परत मिळते. शर्यती झाल्याच, तर जमीन पातळ राहिली की चिकट झाली हे प्रथम पाहावे. आयर्लंडमध्ये नेव्हन, पंचस्टाउन किंवा नास येथील रविवारच्या शर्यतींना 'रेसिंग पोस्ट' तितक्याच सविस्तर पाने देते, आणि ज्यांनी फक्त इंग्लंडच्या शर्यतींपुरते वाचन ठेवले आहे त्यांनी ही पाने आवर्जून उघडावीत. आयरिश घोड्यांच्या फॉर्ममध्ये खोल जमिनीवरच्या नोंदी साहजिकच अधिक असतात.

ज्याला महिन्यातून एखादा शनिवार करमणूक म्हणून घालवायचा आहे, त्याने वर्गणी भरण्याची गरज नाही. 'स्पोर्टिंग लाइफ'च्या संकेतस्थळावर विनामूल्य कार्ड मिळते आणि रेसकोर्स जाहीर करतात ती जमिनीची माहितीही कोणालाही पाहता येते. एवढ्यावर एक-दोन शर्यती नीट अभ्यासता येतात. ज्याला हिवाळाभर लांब अंतराच्या चेस शर्यतींचा पाठपुरावा करायचा आहे, त्याला जुन्या निकालांच्या वेळा, शर्यतींची वर्णने आणि तबेल्यांची स्थिती एकाच जागी हवी असते, आणि ती 'रेसिंग पोस्ट'इतकी सुबकपणे मांडलेली मला अन्यत्र दिसलेली नाही. अशा वाचकाने ॲपची वर्गणी घ्यावी, ती नोव्हेंबरात सुरू करावी आणि एप्रिलमध्ये ग्रँड नॅशनल झाल्यावर, उन्हाळी जमीन कडक होऊ लागली की, बंद करावी.